नखे ठेवूनही गिटारचा आवाज गोल आणि भरीव कसा करावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही काही वर्षे नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर फिंगरस्टाइल वाजवता, उजव्या हाताची नखे वाढवली आहेत, पण आवाज पातळ आणि टोकदार येतो. पहिल्या दोन तारांवर बऱ्याच स्वरांच्या आधी ‘टिक्’ असा आवाज ऐकू येतो. आता नखे मुळापर्यंत कापून टाकावीत की पार्लरमध्ये जाऊन ॲक्रिलिकची नखे लावून घ्यावीत, असा तुम्हाला पेच पडला आहे. घरात स्टीलच्या तारांची गिटारही आहे आणि तिच्यावर हीच नखे भराभर झिजतात, असेही तुम्ही लिहिले आहे. माझा सल्ला असा की यांपैकी काहीही आत्ताच करू नका. तुम्ही वर्णन केलेला दोष नख असण्याचा नाही. तो नखाच्या आकाराचा, त्याच्या कडेच्या खडबडीतपणाचा आणि तारेला आधी नख लागते की आधी मांस लागते, या क्रमाचा आहे.

आवाज पातळ का होतो हे कळले, की कानस कुठे चालवायची हे वेगळे सांगावे लागत नाही. तार छेडताना बोट तिला थोडे खेचते आणि सोडते. सुटण्याच्या क्षणी बोटाखाली तारेला आलेला बाक जितका टोकदार, तितके त्या स्वरात वरचे ओव्हरटोन, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे उंच उपस्वर, जास्त. तो बाक जितका पसरट, तितके वरचे ओव्हरटोन कमी आणि मूळ स्वर ठळक. नखाची पातळ कड टोकदार बाक देते, बोटाचे मांस पसरट बाक देते. तंबोऱ्याची तार साधारण मध्यावर आणि बोटाच्या मांसल भागाने छेडतात, नख लागू देत नाहीत, त्याचा परिणामही हाच असतो. गिटारवर मात्र केवळ मांसाने वाजवले तर स्वराची सुरुवात बोथट होते आणि आवाज लहान पडतो, म्हणून आजचे बहुतेक क्लासिकल वादक मांस आणि नख या दोघांचा एकाच आघातात उपयोग करतात. स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोविया (१८९३–१९८७) यांचा जुन्या ध्वनिमुद्रणांतही ओळखू येणारा भरदार आवाज याच मिश्र पद्धतीचा आहे.

हे मिश्रण प्रत्यक्षात कसे घडते ते नीट पाहा. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांच्या नखांची अंगठ्याकडची बाजू, म्हणजे वाजवताना वरून पाहिले असता डावी बाजू, ही तारेला भेटणारी बाजू होय. तार आधी या बाजूच्या मांसावर टेकते, लगेच मांस आणि नख यांच्या सांध्यात बसते, तिथून नखाच्या कडेवरून घसरत जाते आणि टोकाजवळून सुटते. हा सगळा प्रवास जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो, पण त्यात कुठेही अडथळा असता कामा नये. नख लांब असेल तर मांस तारेपर्यंत पोहोचतच नाही. आधीच्या स्वराने अजून कंप पावणाऱ्या तारेवर कोरडे, कडक नख येऊन टेकते आणि तुम्हाला खटकणारी ‘टिक्’ उमटते. म्हणजे हा आवाज तार सोडण्याचा नसून तारेवर बोट टेकण्याचा आहे. खात्री करायची असेल तर एकच तार अगदी सावकाश वाजवा : बोट टेकवा, थांबा, मग सोडा. टेकवताना टिक् आली तर नख लांब आहे किंवा बोट तारेवर फार सरळ उतरते आहे. सोडताना खरखर आली तर कड खडबडीत आहे. दोन्ही दोष एकदम असू शकतात, पण त्यांचे इलाज वेगळे आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

लांबी ठरवताना मोजपट्टीचा फारसा उपयोग होत नाही, कारण प्रत्येकाच्या बोटाचे टोक वेगळे असते. आइस्क्रीमची सपाट काडी घ्या आणि वाजवताना तार ज्या कोनातून बोटाला भेटते त्याच कोनात ती बोटाच्या टोकाला लावा. काडी मांसाला आणि नखाला एकाच वेळी टेकली पाहिजे. फक्त नखाला टेकली तर नख लांब आहे. तळहात स्वतःकडे करून बोटे डोळ्यांसमोर उभी धरली असता मांसाच्या वर नखाची साधारण एक मिलिमीटर कड दिसावी, असे गोल आवाजाच्या शोधात असणाऱ्याला मी सांगेन. दोन मिलिमीटरपर्यंत गेले की बहुतेकांच्या हातात आवाज उजळ व्हायला लागतो. बोटांची नखे महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतात, म्हणजे तीन दिवसांत साधारण ०.३ मिलिमीटर, आणि स्टीलच्या गिटारची पहिली तारही तेवढीच जाड असते. एवढ्याशा फरकाने सांध्यातली तारेची जागा बदलते. म्हणून दर तीन-चार दिवसांनी थोडे घासणे हे महिन्यातून एकदा भरपूर कापण्यापेक्षा फार चांगले. वाजवायच्या नखांना नेलकटर लावूच नये, कारण तो नखाची नैसर्गिक गोलाई दाबून सपाट करतो आणि नखाचे थर कडेला सुटायला लागतात.

आकाराच्या बाबतीत एकच नमुना सगळ्यांना लागू होत नाही, आणि इथेच सर्वाधिक फसगत होते. बोटाच्या टोकाच्या गोलाईप्रमाणे नख गोल घासावे, असे सर्रास सांगितले जाते. नखे रुंद आणि सपाट असतील तर हा सल्ला चांगला आहे. पण नख समोरून पाहिले असता कमानीसारखे जास्त वळलेले असेल, तर गोल आकारात तारेला दोन ठिकाणी स्पर्श होतो आणि मधे ती पोकळीवरून उडी मारते. अशा नखाला अंगठ्याकडच्या बाजूला कमी ठेवून तिथून मध्याच्या किंचित पलीकडे जाणारा सरळ चढ द्यावा आणि पलीकडचा कोपरा हलका गोल करावा. ज्यांची नखे टोकाला खाली वळतात त्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो. तार त्या वळणात अडकते, बोट ओढून काढावे लागते आणि आवाज टणक येतो. अशांनी नख मांसाच्या अगदी बरोबरीने ठेवावे आणि चढ जवळजवळ सपाट ठेवावा. टोकाला वर उचलल्या जाणाऱ्या नखांचेही तसेच, ती लांब ठेवून काही साधत नाही. एकाच हातावर दोन प्रकारची नखे असणे अगदी सामान्य आहे, त्यामुळे अनामिकेचा आकार तर्जनीवर जसाच्या तसा उतरवू नका. डावी बाजूच वापरली पाहिजे असाही नियम नाही. फ्रेंच वादिका इदा प्रेस्ती (१९२४–१९६७) आणि त्यांचे पती व सहवादक अलेक्झांद्र लागोया नखाच्या उजव्या बाजूने वाजवत. तुमच्या हाताची ठेवण तशी असेल तर चढ उलट दिशेला द्यावा लागेल, एवढेच.

आता घासण्याविषयी, कारण माझ्या मते तुमचा अर्धा प्रश्न इथे सुटेल. धातूच्या कानशीने नखाचे थर फाटतात. काचेची नेल फाइल घ्या. नख कोरडे असताना घासा, अंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर लगेच नाही, कारण भिजलेले नख मऊ पडते आणि त्याची कड सोलली जाते. फाइल नखाखाली, वाजवण्याच्या कोनात धरा, म्हणजे नखाची वरची कड नव्हे तर तारेला लागणारी खालची कड घासली जाईल. बहुतेक जण वरून पाहून सुंदर दिसणारा आकार देतात आणि खालच्या कडेला राहिलेली बारीक कूस तशीच सोडतात, पण तारेला नेमकी तीच लागते. आकार झाला की रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर आणा, आधी १००० नंबरचा आणि मग २००० नंबरचा. त्याचा बोटाएवढा तुकडा पहिल्या तारेवर पालथा घाला, खरखरीत बाजू बाहेर ठेवून डाव्या हाताने धरा आणि त्यावरून नेहमीच्या वाजवण्याच्या हालचालीने बोट वीस-पंचवीस वेळा न्या. यामुळे तार नखाच्या ज्या रेषेवरून जाते नेमकी तीच रेषा गुळगुळीत होते आणि तुमच्या बोटाच्या कोनाबद्दल अंदाज बांधावा लागत नाही. शेवटी नखाची कड जुन्या रेशमी किंवा नायलॉनच्या ओढणीवरून फिरवा. धागा किंचितही अडकला तर काम अपुरे आहे. चांगले पॉलिश झालेले नख उजेडात धरले असता त्याची कड चमकते. १००० नंबरवर थांबलेले आणि २००० नंबरपर्यंत नेलेले नख, या दोहोंतला फरक तिसऱ्या तारेवर कोणालाही ऐकू येईल इतका स्पष्ट असतो.

अंगठ्याचा विचार वेगळा करावा, आणि त्यासाठी एकोणिसाव्या शतकातले एक उदाहरण फार उपयोगाचे आहे. स्पॅनिश वादक फर्नांदो सोर (१७७८–१८३९) नखांशिवाय वाजवत. १८३० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या गिटारपद्धतीच्या ग्रंथात त्यांनी नखांनी वाजवण्याबद्दल स्पष्ट नापसंती नोंदवली, पण आपले मित्र दिओनिसिओ अग्वादो (१७८४–१८४९) यांना त्यातून वगळले. अग्वादो सर्व बोटांना नखे ठेवत. सोर यांचे वादन ऐकल्यावर मात्र त्यांनी अंगठ्याचे नख वापरणे सोडले, बाकीच्या बोटांची नखे ठेवली, आणि या निर्णयाचे समाधान आपल्या लेखनात व्यक्त केले. मला हा तोडगा आजही अतिशय शहाणपणाचा वाटतो. खर्जाच्या तीन तारांवर बारीक धातूची गुंडाळी असते, त्यांवर नख तिरके घासले की खर्र असा आवाज येतो, आणि संपूर्ण वादनाला जी भरीव बैठक लागते ती बहुतांशी अंगठ्याच्याच स्वरांतून मिळते. तेव्हा पहिला प्रयोग म्हणून फक्त अंगठ्याचे नख मांसाच्या बरोबरीने आणा आणि दोन आठवडे तसेच वाजवा. वरच्या तारांवर काहीही न बदलताही एकूण आवाज गोल झाल्यासारखा वाटेल. पुढे अंगठ्याने ठळक स्वर काढण्याची गरज वाटलीच, तर नख वाढायला फार दिवस लागत नाहीत.

सगळीच नखे कापण्याचा मार्गही प्रतिष्ठित आहे, त्याला मी कमी लेखत नाही. स्पॅनिश वादक फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत नखे सोडली आणि त्यांचे शिष्य एमिलिओ पुहोल यांनी केवळ बोटाने काढलेल्या आवाजाचा आयुष्यभर पुरस्कार केला. पण ती मंडळी आतड्याच्या तारांवर घडली होती. नायलॉनच्या तारा दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमधल्या ॲल्बर्ट ऑगस्टीन यांच्या प्रयत्नांतून रूढ झाल्या. आतड्याच्या तारेचा पृष्ठभाग किंचित खरबरीत असल्याने मांसाला पकड मिळते. नायलॉनची तार गुळगुळीत असल्याने तेवढी मिळत नाही. त्यामुळे आजच्या गिटारवर नखांशिवाय वाजवणे म्हणजे हात नव्याने घडवणे आहे. टोकाची कातडी तयार व्हायला काही महिने लागतात, ट्रेमोलोसारखे (एकच स्वर भराभर पुन्हापुन्हा छेडण्यासारखे) वेगवान काम अवघड होते आणि आवाज लहान होतो. घरी किंवा लहान बैठकीत वाजवणाऱ्याला हे सारे परवडण्यासारखे आहे. मात्र फक्त ‘टिक्’ घालवण्यासाठी एवढा मोठा बदल करण्याची आवश्यकता नाही.

नखे उत्तम झाली तरी हात चुकीच्या जागी असेल तर आवाज पातळच येणार. क्लासिकल गिटारच्या तारेची लांबी साधारण ६५० मिलिमीटर असते. ब्रिजपासून (तारा गिटारच्या पोटाला जिथे बांधलेल्या असतात त्या पट्टीपासून) १३० मिलिमीटरवर, म्हणजे लांबीच्या एक पंचमांशावर छेडले तर मूळ स्वराच्या पाचपट कंप्रतेचा ओव्हरटोन आणि त्याच्या पटीतले ओव्हरटोन दबतात; जसजसे ब्रिजच्या जवळ जाल तसतसे दबणारे ओव्हरटोन वर सरकतात आणि आवाज खणखणीत होतो. उलट डावा हात बाराव्या फ्रेटवर गेला की कंप पावणारी लांबी ३२५ मिलिमीटर उरते, आणि उजवा हात न हलवताही तोच १३० मिलिमीटरचा बिंदू दोन पंचमांशावर येतो. म्हणून वरच्या फ्रेटवरचे स्वर आपोआप मऊ आणि पहिल्या काही फ्रेटवरचे स्वर त्यांच्या मानाने कडक लागतात. खालच्या फ्रेटवर वाजवताना उजवा हात साउंडहोलच्या नेककडच्या कडेवर न्यावा, एवढ्यानेही बराच फरक पडतो. दुसरी बाब म्हणजे तार कोणत्या दिशेला सुटते. बोट तारेखाली आकडा घालून तिला वर उचलत असेल तर आवाज पातळ आणि फटफटीत येतो. तारेला साउंडबोर्डच्या, म्हणजे गिटारच्या दर्शनी लाकडी फळीच्या, दिशेने किंचित दाबून सोडले तर ती या फळीला लंब दिशेने जास्त कंप पावते, फळी जास्त हलते आणि स्वर भरतो. शेजारच्या तारेवर बोट विसावणाऱ्या अपोयांदो आघातात हे सहज होते. तिरांदोमध्ये, म्हणजे बोट मोकळे जाते तेव्हा, हाच दाब जाणीवपूर्वक आणावा लागतो आणि त्यासाठी शेवटचे पेर सुटण्याच्या क्षणी थोडे सैल ठेवावे लागते.

स्टीलच्या गिटारची गोष्ट निराळी. लाइट सेटमधली पहिली तार साधारण ०.३ मिलिमीटर जाड असते आणि तिच्यावर दहा किलोच्या आसपास ताण असतो. नायलॉनची पहिली तार सुमारे ०.७ मिलिमीटर असते आणि तिचा ताण सात किलोच्या घरात असतो. इतक्या बारीक आणि कडक तारेने नखात खाच पडते, आणि तीच खाच घेऊन तुम्ही नायलॉनकडे परतता तेव्हा खरखर ऐकू येते. दोन्ही गिटार एकाच दिवशी वाजवायच्या असतील तर आधी नायलॉन, नंतर स्टील, आणि शेवटी २००० नंबरचा पेपर, हा क्रम पाळा. स्टीलवर गोल आवाजासाठी मांसाचा वाटा आणखी वाढवावा लागतो. अंगठ्याला थंबपिक घालून बाकीच्या बोटांनी वाजवण्याची अमेरिकन गिटारवादक चेट ॲटकिन्स यांची पद्धत बहुतेकांच्या परिचयाची आहे, पण प्लास्टिकचे पिक मुळातच उजळ वाजते, त्यामुळे तुमच्या उद्देशाला ती पहिली निवड ठरू नये.

ॲक्रिलिक किंवा जेलची नखे मी शेवटचा पर्याय मानतो. ती जाड असल्याने नीट घडवली तर आवाज खरोखरच भरीव येतो, हे मान्य करायला हवे, आणि ज्यांची नखे कागदासारखी पातळ आहेत त्यांना त्यांचा आधार होतो. पण लावण्यापूर्वी मूळ नखाचा वरचा थर घासला जातो, काढताना आणखी नुकसान होते, आणि त्यातल्या ॲक्रिलेट घटकांची काहींना ॲलर्जी होते. पार्लरमध्ये गेलात तर लांबी आणि आकार तुम्ही ठरवा, सजावटीचा नमुना स्वीकारू नका. नखाला चीर गेली असेल तर रेशमी कापडाचा किंवा टिश्यूचा बारीक तुकडा सुपरग्लूने चिकटवणे पुरेसे असते. इथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे : सुपरग्लू कापसाला किंवा सुती कापडाला लागला तर तो झपाट्याने तापतो आणि कातडी भाजू शकते, म्हणून जादा ग्लू टिपायला कापूस वापरू नका.

राहिली निगा. आपण उजव्या हाताने जेवतो, हळद नखात बसते, वरण-भाताने नखाखालची कातडी ओलसर राहते, त्यामुळे युरोपातल्या वादकांना सोसते तेवढी लांबी इथे रोजच्या जगण्यातही गैरसोयीची ठरते. जेवणानंतर मऊ ब्रशने नखांच्या खालून स्वच्छ करा आणि हात पूर्ण कोरडा होईपर्यंत गिटार हातात घेऊ नका. कोकणात आणि गोव्यात पावसाळाभर नखे मऊ पडतात आणि वाकतात, तेव्हा ती नेहमीपेक्षा थोडी आखूड ठेवावीत. पुण्या-नाशिककडच्या कोरड्या हिवाळ्यात ती ठिसूळ होतात, तेव्हा रात्री झोपताना नखाच्या मुळाशी आणि टोकाला खोबरेल तेल चोळावे. भांडी-कपडे धुताना रबरी हातमोजा उजव्या हाताला तरी घालावा. नखाचा रंग बदलला, ते मुळापासून सुटू लागले किंवा दुखू लागले, तर घासून प्रयोग न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

बदल तपासताना स्वतःच्या कानावर पूर्ण विसंबू नका, कारण वादकाचा कान गिटारच्या वर असतो आणि आवाज पुढे जातो. मोबाइल गिटारसमोर दीड-दोन मीटरवर ठेवून तोच आठ मात्रांचा तुकडा घासण्यापूर्वी आणि घासल्यानंतर ध्वनिमुद्रित करा. तारा त्याच, खोली तीच, उजवा हात त्याच जागी. एका वेळी एकच गोष्ट बदला : आधी अंगठ्याचे नख, मग पॉलिश, मग लांबी, आणि आकार सर्वांत शेवटी, कारण आकार चुकला तर तो परत यायला दोन-तीन आठवडे जातात.